बागेनंतरचे संत ऑगस्टीन

ऑगस्ट महिन्याची २७ तारीख संत मोनिका यांची आणि २८ तारीख त्यांचे पुत्र संत ऑगस्टीन यांची. आईचा सण आधी आणि मुलाचा नंतर, हा क्रम ख्रिस्तसभेने मोठ्या औचित्याने ठेवला आहे. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी या दोन दिवशी वेदीवरून प्रवचन देत आलो आहे आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ती सारी प्रवचने जवळजवळ एकाच साच्याची होती. आई रडली, देवाने तिचे ऐकले आणि वाट चुकलेला मुलगा मिलानच्या एका बागेत पालटला. प्रवचन तेथे संपते. पुढच्या बाकांवरच्या आया पदराने डोळे टिपतात आणि मीही समाधानाने वेदीकडे वळतो.

मध्यंतरी संत ऑगस्टीन यांचा 'कन्फेशन्स' हा ग्रंथ पुन्हा एकवार सलग वाचला. सेमिनरीत असताना तो वाचला होता, पण परीक्षेच्या गरजेपुरता. पन्नाशी उलटल्यावर कोणतीही परीक्षा डोक्यावर नसताना तो वाचला आणि एक साधी गोष्ट प्रथमच ध्यानात आली. जेथे माझे प्रवचन संपते, तेथे हा ग्रंथ संपत नाही. ग्रंथाचे भाग एकूण तेरा. बागेतला प्रसंग येतो तो आठव्या भागाच्या अखेरीस. म्हणजे त्यानंतरही पाच भाग उरतातच. त्यांतला दहावा भाग आपण सहसा उघडत नाही. मोहाशी झगडणाऱ्या श्रद्धावंताला जे सांगायला हवे, ते मात्र याच भागात आहे, असे माझे मत झाले आहे. ते मत वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आठव्या भागाची मोहिनी

आठव्या भागाची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. इ. स. ३५४ मध्ये आजच्या अल्जीरियातील थागास्ते या गावी जन्मलेला हा बुद्धिमान तरुण कार्थेजला शिकतो, नऊएक वर्षे मनिकी पंथाच्या नादी लागतो, रोम करतो आणि ३८४ साली मिलानला वक्तृत्वाचा अध्यापक म्हणून येतो. तेथे बिशप आंब्रोज यांची प्रवचने ऐकून त्याच्या बुद्धीचे समाधान होऊ लागते. सत्य कोठे आहे हे त्याला कळते, पण पाऊल उचलत नाही. बुद्धीला पटलेले इच्छेला का पेलत नाही, हा या भागाचा खरा विषय आहे.

त्याचे विश्लेषण संत ऑगस्टीन यांनी साखळीच्या रूपकातून केले आहे. इच्छा वाकडी झाली की तीतून वासना उपजते, वासनेची चाकरी केली की तिची सवय होते आणि सवयीला वेळीच अडवले नाही की ती गरज होऊन बसते. एका कडीत दुसरी कडी अडकत जाते आणि माणूस ज्या बेडीत जखडला जातो, ती त्याने स्वतःच घडवलेली असते. व्यसनाची इतकी अचूक मीमांसा सोळाशे वर्षांपूर्वी झाली, याचे आश्चर्य वाटते. शुद्धतेचे दान मागायचे, पण ते आजच मिळू नये असेही मनात म्हणायचे, ही तारुण्यातली चलाखीही त्यांनी स्वतःच उघडी केली आहे. पापनिवेदन ऐकणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला आणि पापनिवेदन करणाऱ्या प्रत्येक माणसाला ही चलाखी ओळखीची वाटावी.

मग ३८६ सालच्या उन्हाळ्यातली ती बाग. इजिप्तच्या वाळवंटातील संत अंतोनी यांची आणि ती वाचून राजसेवा सोडणाऱ्या दोन अधिकाऱ्यांची हकीकत एका पाहुण्याने नुकतीच सांगितलेली. अंजिराच्या झाडाखाली अश्रू. शेजारच्या घरातून येणारा, उचल आणि वाच असे पुन्हापुन्हा सांगणारा बालस्वर. संत पौलाच्या रोमकरांस पत्रातील तेराव्या अध्यायाचा तो उतारा आणि क्षणात अंतःकरणात उतरलेली शांती. पुढील वर्षी, ३८७ च्या पुनरुत्थानाच्या रात्री, संत आंब्रोज यांच्या हातून स्नानसंस्कार. जगाच्या वाङ्मयात हृदयपालटाचे याहून प्रभावी वर्णन क्वचितच सापडेल.

पण हीच मोहिनी घातक ठरू शकते. हे प्रकरण तेवढेच वाचले तर वाटते की श्रद्धा हा एक क्षण आहे. तो क्षण आला की मोह संपला. क्षणाआधीचा माणूस वेगळा, नंतरचा वेगळा. मध्ये एक भिंत उभी राहिली आणि सैतान पलीकडेच राहिला.

बिशप काय कबूल करतात?

हा ग्रंथ लिहिला गेला तो सुमारे ३९७ ते ४०१ या काळात. तोवर बागेतील प्रसंगाला दहाहून अधिक वर्षे लोटली होती. ऑगस्टीन आता हिप्पोचे बिशप होते. पहिल्या नऊ भागांत त्यांनी भूतकाळ सांगितला. दहाव्या भागाच्या प्रारंभी ते वाचकाला सांगतात की, मी पूर्वी कोण होतो हे तुम्ही ऐकलेत. पण मी आज, लिहिण्याच्या या घडीला, कोण आहे हे जाणून घेण्याची अनेकांची इच्छा आहे, आणि ते मी सांगणार आहे. एका बिशपने आपल्याच लोकांपुढे हे म्हणावे, ही लहान गोष्ट नव्हे. भूतकाळातील पापे सांगणे तुलनेने सोपे असते, कारण त्यांतून सांगणाऱ्याचा विजयच दिसतो. वर्तमानातला मोह सांगायला अधिक धैर्य लागते.

स्मृतीविषयीच्या दीर्घ चिंतनानंतर ते संत योहानाच्या पहिल्या पत्रातील तीन वासनांचा आधार घेतात: देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि ऐहिक मोठेपणाचा गर्व. या तीन शीर्षकांखाली ते स्वतःची झडती घेतात. जुन्या सवयीची चित्रे जागेपणी दुबळी असतात, पण झोपेत ती बळावून येतात, हे ते लिहितात. आणि झोपेतला मी तो मी नव्हेच काय, असा प्रश्न देवापुढे मांडतात. अन्नाविषयी लिहिताना म्हणतात की, ते औषधासारखे घ्यावे हे मला देवाने शिकवले आहे. पण भुकेकडून तृप्तीकडे जाण्याच्या वाटेवरच सापळा आहे, कारण ती वाटच सुखाची आहे. मद्यपानाचा दोष आपल्यात नाही, पण अतिभोजन कधी कधी नकळत गाठते, हेही ते मोकळेपणाने सांगतात.

येथे त्यांनी मांडलेला एक भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. स्त्रीसंग त्यांना एका घावात तोडून टाकता आला, पण अन्नाचे तसे करता येत नाही. जेवण रोज समोर येणारच. म्हणजे काही मोह असे असतात की त्यांच्याशी एकदाच झुंज द्यावी लागते. आणि काही असे की लगाम दर दिवशी हातात धरावा लागतो, फार घट्टही नको आणि फार सैलही नको. आपल्या प्रवचनांतून पहिल्या प्रकारच्या मोहाविषयी पुष्कळ ऐकू येते, दुसऱ्याविषयी अगदी थोडे.

देवळातील गायनाविषयीचा उतारा तर आपल्या गायकवृंदांनी अवश्य वाचावा. स्तोत्रातील अर्थापेक्षा गळ्याचेच सुख अधिक वाटले तर ते त्याला पाप मानतात आणि अशा वेळी गाणे ऐकूच आले नसते तर बरे, असे त्यांना वाटते. पण लगेच त्यांना मिलानच्या देवळात ऐकलेली गीते आणि त्या दिवसांत आपण ढाळलेले अश्रू आठवतात, आणि अखेर ते गायनाच्या बाजूने कौल देतात. निर्णय देतानाही मन डळमळते आहे, हे ते लपवत नाहीत.

डोळ्यांच्या वासनेत ते कुतूहलाचा समावेश करतात. शर्यतीच्या मैदानात कुत्रा सशाच्या मागे लागलेला पाहायला आपण आता जात नाही. पण वाटेने जाताना शेतात तेच दृश्य दिसले तर एखाद्या गहन विचारातूनही लक्ष तिकडे वळते. घरी बसलेले असताना पाल माशी पकडते किंवा कोळी आपल्या जाळ्यात सावज गुंडाळतो, तेही डोळे खिळवून ठेवते. हे वाचून मला हसू आले आणि पाठोपाठ ओशाळायलाही झाले. प्रहरांची प्रार्थना मी आता पुष्कळदा मोबाइलवर वाचतो. स्तोत्र अर्ध्यावर असते, वरच्या कडेला एखादा संदेश चमकतो, आणि प्रार्थना कधी सुटली व क्रिकेटचे आकडे कधी समोर आले हे माझे मलाच कळत नाही. हिप्पोच्या बिशपांची पाल माझ्या हातात असते, एवढाच फरक.

सर्वांत कठोर झडती आहे ती स्तुतीच्या मोहाची. इतर मोहांची कसोटी त्यांपासून दूर राहून घेता येते, पण स्तुतीचे काय करावे? स्तुतीवाचून आपण राहू शकतो की नाही हे पाहण्यासाठी वाईट वागून दाखवावे काय? चांगल्या वर्तनाबरोबर स्तुती येणारच, आणि स्तुतीबरोबर मोह. पोकळ कीर्तीचा आपण तिरस्कार करतो असे सांगण्यातही पोकळ कीर्तीच डोकावते, येथवर ते जातात. रविवारची मिस्सा संपली की मी देवळाच्या दारात उभा राहतो. लोकांना भेटणे हे माझे कर्तव्यच आहे. पण 'फादर, आज प्रवचन छान झालं' हे शब्द ऐकू येईतो मी थोडा रेंगाळतो, हेही खरे आहे. ज्या दिवशी ते ऐकू येत नाहीत, त्या दिवशी नाश्ता बेचव लागतो.

बळ कोणाचे?

या साऱ्या झडतीतून एक प्रार्थना पुन्हापुन्हा येते. देवाने हवी ती आज्ञा करावी, पण ती पाळण्याचे सामर्थ्यही त्यानेच द्यावे, असा तिचा आशय. संत ऑगस्टीन यांनी उतारवयात नमूद करून ठेवले आहे की, रोममध्ये कोणा बिशपाने ही प्रार्थना पेलाजियस या तपस्व्यासमोर उच्चारली, तेव्हा ती त्याला सहन झाली नाही. पेलाजियस वाईट माणूस नव्हता. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांची ढिलाई पाहून तो व्यथित झाला होता. सारे देवावर सोपवले तर माणूस हातपाय हलवणार कशाला, हा त्याचा आक्षेप वरवर पाहता रास्तच आहे. आपण पालकही मुलांना तेच सांगतो: मनात आणलेस तर जमेल.

ख्रिस्तसभेने ४१८ साली पेलाजियसची शिकवण नाकारली. त्या वादाच्या तपशिलात येथे जाण्याचे कारण नाही. पण संत ऑगस्टीन यांची बाजू केवळ सिद्धान्ताची नव्हती, ती अनुभवाची होती, आणि तिचा पुरावा ग्रंथातच आहे. सहाव्या भागात त्यांचे मित्र अलिपियस यांची कथा येते. रोममध्ये मित्रांनी त्यांना बळेच द्वंद्वयुद्धांच्या आखाड्यात नेले. शरीर न्याल, पण डोळे आणि मन कसे न्याल, असे म्हणून अलिपियस डोळे मिटून बसले. गर्दीने एकच आरोळी ठोकली, कुतूहलाने डोळे उघडले आणि समोरचे रक्त पाहताच तेही त्या गर्दीतले एक झाले. त्यांनी डोळे मिटले, कान उघडेच राहिले. संत ऑगस्टीन यांचे भाष्य असे की, जेथे देवावर विसंबायला हवे होते तेथे तो स्वतःवर विसंबला. निश्चयाला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. निश्चयाला कान असतात आणि ते मिटता येत नाहीत, एवढेच सांगायचे आहे.

एक उणीव

समीक्षकाने भक्तिभावात उणीव झाकू नये. दहाव्या भागात स्वतःविषयी इतका निष्ठुर असणारा हा लेखक सहाव्या भागात एका स्त्रीला नावही देत नाही. अनेक वर्षे त्यांच्यासोबत राहिलेली, त्यांचा पुत्र आदेओदातुस याची आई. मिलानमध्ये त्यांचा विवाह एका अल्पवयीन मुलीशी ठरला आणि या स्त्रीला आफ्रिकेस परत पाठवण्यात आले. जाताना तिने यापुढे दुसऱ्या पुरुषाशी संबंध ठेवणार नाही असे व्रत घेतले. ऑगस्टीन यांना मात्र विवाहापर्यंतची दोन वर्षेही धीर निघाला नाही. त्यांनी दुसरी स्त्री जवळ केली. हे सारे त्यांनी स्वतःच लिहिले आहे आणि तिच्या व्रताचे अनुकरण आपल्याला जमले नाही, हेही कबूल केले आहे. तरीही वाचकाला प्रश्न पडतोच. या ग्रंथात मोहावर प्रथम मात करणारी व्यक्ती ती आहे, आणि तीच निनावी आहे. तिचे पुढे काय झाले, तिने एकटीने ती वर्षे कशी काढली, हे आपल्याला कोणी सांगितले नाही. आपल्या धर्मग्रामांतही ज्यांचा झगडा खरा असतो ते बहुधा निनावीच राहतात, आणि ज्यांना बोलता येते त्यांच्या हकीकती होतात.

मी कापलेल्या ओळी

येथे मला माझ्या एका चुकीविषयी लिहिणे भाग आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो, तेथे सणानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे होते. वाडीतील एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांनी रिट्रीटनंतर दारू सोडली होती. सात महिने झाले होते. मी आग्रह करून त्यांच्याकडून त्यांची साक्ष लिहून घेतली. वहीच्या दोन पानांवर, सुताराच्या पेन्सिलीने लिहिलेला तो मजकूर उत्तम होता. शेवट मात्र मला दुबळा वाटला. त्यांनी लिहिले होते: 'रोज संध्याकाळी पाच वाजता घशाला कोरड पडते. तेव्हा मी नाक्यावरून न येता विहिरीच्या वाटेने घरी येतो. पुढचं मला ठाऊक नाही.'

या तीन ओळी मी कापल्या. त्यांच्या जागी लिहिले की, ख्रिस्ताने मला कायमचे मुक्त केले आहे. लेखाला जोरकस शेवट मिळाला. पुष्कळांनी कौतुक केले आणि ते मला आवडलेही.

वर्षभरात एका लग्नाच्या मांडवात त्यांचा हात पुन्हा पेल्याकडे गेला. त्यानंतर ते देवळात दिसेनासे झाले. एका अंत्यविधीच्या दिवशी दफनभूमीच्या भिंतीबाहेर ते उभे असलेले दिसले. मी जवळ गेलो. ते म्हणाले, "फादर, मी कायमचा सुटलो असं तुम्ही छापलंत. आता मी देवळात आलो तर खोटा कोण, मी की देव?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांचा दहावा भाग मी फाडून टाकला होता आणि त्यांच्या हाती फक्त आठवा ठेवला होता. पुन्हा मोहात पडलेल्या माणसाला त्या गोष्टीत जागाच उरली नव्हती. विहिरीची वाट ही त्यांची खरी साक्ष होती. संत ऑगस्टीन यांच्या मातेनेही लहानपणी पिंपातून द्राक्षारस काढताना घोटभर चाखायला सुरुवात केली आणि हळूहळू पेला भरू लागला, हे नवव्या भागात आहे. एका दासीच्या टोचऱ्या शब्दाने त्या सावध झाल्या. मातेच्या मृत्यूविषयी लिहितानाही पुत्राने ही आठवण गाळली नाही. मी मात्र एका सुताराची घशाची कोरडही छापू शकलो नाही.

आपले साक्षवाङ्मय

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर त्याची चर्चा येथे केली नसती. आपल्या स्मरणिका, मासिके आणि मेळावे यांतून येणाऱ्या साक्षी चाळल्या की एकच घाट दिसतो: अंधार, एक क्षण, प्रकाश. त्या खोट्या असतात असे मी म्हणत नाही. त्या लवकर संपतात. प्रकाशानंतरच्या मंगळवारी काय घडले, हे कोणी लिहीत नाही.

शुभवर्तमानाची घडण याच्या नेमकी उलट आहे. संत मत्तय यांच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू येशूचा स्नानसंस्कार होतो, आकाशातून पित्याची वाणी येते, आणि चौथा अध्याय उघडतो तो अरण्यातल्या मोहाने. म्हणजे मोह स्नानसंस्काराच्या आधी येत नाही, मागाहून येतो. संत लूक तर पुढे असेही नोंदवतात की, सैतान प्रभूला सोडून गेला तो केवळ योग्य संधी येईपर्यंत. खुद्द प्रभूच्या बाबतीत जे प्रकरण मिटले नव्हते, ते आपल्या बाबतीत सात महिन्यांत मिटले असे आम्ही छापत होतो.

मराठीला ही खरी वाट अपरिचित नाही. तुकोबांनी स्वतःच्या मनाच्या चंचलपणावर जितके कठोर लिहिले, तितके त्यांच्या निंदकांनीही लिहिले नसेल, आणि ते अभंग वारकऱ्यांनी गाथेतून काढून टाकले नाहीत. आपल्या ख्रिस्ती वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात रेव्हरंड टिळक १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतरही तापट आहेत, व्यवहारात भोळे आहेत, घरातले उचलून दुसऱ्याला देऊन टाकणारे आहेत. पत्नीने ते सारे हसत, कधी चिडून, पण न लपवता लिहिले. त्यामुळे टिळकांची श्रद्धा उणी ठरली असे कोणा वाचकाला वाटत नाही. उलट ती खरी वाटते. आपल्या कॅथलिक लेखकांनी या बाबतीत लक्ष्मीबाईंकडून धडा घ्यायला हरकत नाही.

मेजापाशी शेवट

दहाव्या भागाचा शेवट अजून सांगायचा आहे. स्वतःची पापे आणि दैन्य यांच्या ओझ्याने घाबरून संत ऑगस्टीन यांनी एकांतात, अरण्यात पळून जाण्याचा विचार मनात घोळवला होता. संत अंतोनी यांची हकीकत तर त्यांनी बागेत शिरण्यापूर्वीच ऐकलेली होती. पण देवाने त्यांना रोखले आणि धीर दिला, असे ते लिहितात. ते पळाले नाहीत, लोकांतच राहिले. ख्रिस्त हा आपला मध्यस्थ आणि आपल्या सर्व रोगांवरचा वैद्य आहे, हाच त्यांचा आधार. आणि अगदी अखेरच्या ओळींत ते ख्रिस्ताच्या देहरक्ताच्या मेजापाशी येतात: ते स्वतः खातात, पितात आणि इतरांनाही वाटतात, आणि गरिबांपैकी एक म्हणून तृप्त होऊ पाहतात.

ज्या भागात अन्नाच्या मोहाची इतकी धास्ती होती, तो भाग भोजनाने संपतो, हे मला या वाचनात प्रथमच दिसले. मोहावरचा उपाय म्हणून त्यांनी भूक मारली नाही. ती योग्य मेजाकडे वळवली. आणि परमप्रसाद वाटणारा बिशपही त्या मेजावर याचकच असतो.

आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची बैठक भरते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीत माणूस सर्वांत आधी आपली हतबलता मान्य करतो आणि आपल्याहून थोर अशा शक्तीचे बळ मागतो. कायमचे कोणी काही बोलत नाही. आजचा दिवस तेवढा मोजतात. संत ऑगस्टीन यांची ती प्रार्थना पेलाजियसला रुचली नाही, पण शनिवारच्या त्या बैठकीत ती कोणालाही परकी वाटली नसती. ते सुतार आता अशाच एका बैठकीला जातात, आणि मिस्सेलाही येतात. शेवटच्या बाकावर, बाजूच्या दारालगत बसतात. वर लिहिलेले काहीही पापनिवेदनातले नाही, आणि ते छापण्याआधी मी त्यांची परवानगी मागितली. ते म्हणाले, "लिहा. पण मी सुटलो असं लिहू नका. आज घेतली नाही, एवढंच लिहा. छापून येईतो काय होईल ते मला ठाऊक नाही."

तेवढेच लिहिले आहे. आपल्या लेखकांना आणि संपादकांना माझी विनंतीही तेवढीच आहे. कोणी साक्ष लिहून आणली, तर तिचा शेवट आपण सुधारू नये. आणि जो पुन्हा मोहात पडला आहे, त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभे राहावे लागेल असे काही आपल्या हातून छापले जाऊ नये. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मोहापासून राखण्याची विनंती रोज करायची असते. ती कालच्या विनंतीवर भागत नाही. आणि ती एकट्यासाठी केलेली नसते. तेथे 'मला' असा शब्द नाही, 'आम्हांला' असाच आहे. शेवटच्या बाकावरचे ते सुतार, नाव नसलेली ती आफ्रिकन माता, दारात रेंगाळणारा मी आणि हिप्पोचे वृद्ध बिशप, आम्ही सारे त्या एका शब्दात आहोत.